कमानीवरचा निळा डाग

मेणाच्या कारखान्यात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला जाळीवाला म्हणत. तुम्ही म्हणाल, जाळ्या विणत होता की काय? तसं नाही. खुर्चीत बसून कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाइप काढायचा, त्या पाइपवर बारीक चौकोनांची जाळी टाकायची, इतकी बारीक की मुंगीचा पाय अडकावा, आणि मग एकेका चौकोनात उष्णता किती आली, किती गेली, याचं गणित त्या यंत्राकडून सोडवून घ्यायचं, हा त्याचा धंदा. "जाळी नीट बसली नाही", "जाळी अजून बारीक करतो", हेच दिवसभर तोंडी. कारखान्यातल्या लोकांना नाव ठेवायला तेवढं निमित्त पुरलं.

माणूस मोठा सरळ. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला जन्मात जमलं नाही. बायकोने विचारलं, भाजी कशी झालीय, तर तो खारट म्हणायचा आणि मग दोन दिवस अळणी जेवायचा.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात फिटर होता. सोयरीक जमवली ती यानेच. पण आपण जमवलेल्या नवऱ्याचीही परीक्षा घेतल्याशिवाय राहील तर तो मेहुणा कसला! पहिल्या भेटीत, पाहुणा चहाचा कप हातात धरून अवघडून बसलेला असताना, याने सगळ्यांदेखत विचारलं,

"तुम्ही नक्की करता काय हो?"

"गरम पाइपमधून उष्णता बाहेर किती जाते, ते बघतो."

"हात लावून?"

"नाही. कॉम्प्युटरवर."

"म्हणजे पाइप गरम आहे, हे तुम्हाला पडद्यावर कळतं?"

"हो."

"आणि आम्हाला बोटाला फोड आल्यावर." मेहुणा आतल्या खोलीकडे वळून ओरडला, "ताई, हो म्हणून टाक! या घरात एकाची तरी बोटं शाबूत राहू देत!"

हसता हसता लग्न ठरलं. मेहुण्याचं स्वतःचं लग्न काही झालं नाही. मुली बघायचा, पण प्रत्येक ठिकाणी असलाच काहीतरी विनोद करून यायचा आणि दार बंद व्हायचं. मग तो बहिणीच्याच घरी मागच्या खोलीत राहू लागला. सकाळी मेहुणा-भावोजी एकाच स्कूटरवरून कामाला जायचे. पुढे जाळीवाला, मागे हा धिप्पाड गडी, आणि रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की मागून आरोळी, "बघा, आमचे भावोजी! हात न लावता सांगतात काय तापलंय ते!"

आता त्या लाइनबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं.

कारखान्याच्या एका टोकाला मेण वितळवायची टाकी, दुसऱ्या टोकाला साच्यांचं दालन, आणि मध्ये मोठं उघडं आवार. त्या आवारावरून पुरुषभर उंचीवर एक पाइप चालत जायचा. वितळलेलं मेण त्यातून टाकीतून साच्यांकडे जाई. मेणाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. गरम आहे तोवर पाण्यासारखं, जरा गार झालं की दगड. म्हणून त्या पाइपला जाड खनिज लोकरीचं पांघरूण, त्यावर पत्र्याचं चिलखत, आणि आत पाइपला चिकटून वाफेची एक बारीक नळी, ऊब द्यायला. फाटकापाशी मालाचे ट्रक आत यावेत म्हणून पाइप वर चढून, आडवा जाऊन, पुन्हा खाली उतरे. त्या भागाला सगळे कमान म्हणत. आणि सगळी लाइन खालून तोलून धरायला लोखंडी सपोर्ट. ते सपोर्ट मेहुण्याने उभे केलेले. ओळंबा लावून, डोळा बारीक करून, एकेक. कुणी त्याला म्हणालं की तू काय करतोस, तर तो त्या रांगेकडे बोट दाखवायचा.

एकदा साहेबांच्या डोक्यात आलं की साप्ताहिक सुटीला वाफेची भट्टी बंद ठेवायची. एका लाइनसाठी दिवसरात्र भट्टी का जाळायची? त्यांनी जाळीवाल्याला बोलावून विचारलं, "सुटीच्या दिवशी वाफ बंद केली, तर दुसऱ्या सकाळपर्यंत पाइपातलं मेण पातळ राहील का? मला हो किंवा नाही सांगा."

जाळीवाला कामाला लागला. पण सगळी लाइन जशीच्या तशी पडद्यावर घेतली तर त्या यंत्राला धाप लागे. इतके चौकोन, इतकी गणितं, की कॉम्प्युटर मध्येच मान टाकी. मग त्याने या धंद्यातली रुळलेली वाट धरली. दोन सपोर्टांच्या मधला एक सरळ तुकडा घ्यायचा आणि यंत्राला सांगायचं, बाबा रे, पुढेही असंच आहे आणि मागेही असंच आहे. शितावरून भाताची परीक्षा. कमान तेवढी वेगळी दिसते, म्हणून ती वेगळी काढली. सपोर्ट चित्रातून गाळून टाकले. पाइप लांबलचक, त्यात ते केवढेसे! यात लबाडी नव्हती. त्याच्या जागी दुसरा असता तरी त्याने हेच केलं असतं, आणि त्याच्या आधीच्यांनीही केलं होतं.

पण शीत मधलं घेतलं, आणि भात करपला होता तळाशी.

चित्र मात्र फार देखणं आलं. सरळ लाइन सगळी लालभडक. फक्त कमानीच्या माथ्यावर, जिथे वारा लागतो, तिथे एक निळा डाग. अर्थ सरळ होता. मेण पातळ राहील. फार कडाका पडला तर एखादवेळेस कमानीत गोठेल, पण बाकी लाइन मोकळी असेल. साहेब खूश. भट्टी सुटीला बंद होऊ लागली, आणि सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा काही बिघडलं नाही.

सगळ्यांत खूश मेहुणा. त्याने चित्राच्या दोन मोठ्या रंगीत प्रती काढून घेतल्या. एक फिटरांच्या खोलीत लावली. दुसरी घरी आणून स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या भिंतीला.

"हे काय लावलंस?" बहीण म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याची कलाकारी. लोक देव लावतात, नट लावतात, आपण पाइप लावू."

"तेलाचे डाग पडतील त्याच्यावर."

"पडू देत. निळा डाग तेवढा पुसू नकोस, तो मोलाचा आहे."

पुढे हिवाळा आला, आणि तोही असा की सकाळी स्कूटरचं हँडल धरवेना. सुटीनंतरच्या सकाळी भट्टी पेटवली, वाफ सोडली, पंप चालू केला, तर पंप नुसता कण्हतोय. साच्यांच्या दालनात एक थेंब नाही. माणसं हात चोळत उभी. साहेब आवारात येऊन घड्याळ बघताहेत.

अशा वेळी काय करायचं, ते फिटरांच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं: गोठलेली लाइन उघड्या टोकाकडून वितळवत यायची, मधून कधीही नाही. कारण मेण वितळताना फुगतं, जागा मागतं. एका बाजूला वाट असेल तर पुढे सरकतं. वाट नसेल तर पाइप फोडतं. हे मेहुण्याला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या पोरांना तोच शिकवायचा. पण टोकाकडून यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. आणि त्याच्यापाशी चित्र होतं! कमान तेवढी गोठलीय, बाकी सगळं पातळ. मग कमानीला ऊब दिली तर फुगलेलं मेण जाईल दोन्हीकडे. चित्र खरं असतं, तर त्याचा हिशेब खराच होता.

तरीही तो आधी ऑफिसच्या खिडकीपाशी आला. जाळीवाला आत कानाला मफलर गुंडाळून बसला होता. खिडकी उघडून मेहुण्याने विचारलं,

"भावोजी, कमानीतच गोठलंय ना? दोन्हीकडे पातळ?"

"हो. चित्रात तसंच आहे."

"खात्री?"

"अरे, जाळी इतकी चांगली बसलीय," जाळीवाला म्हणाला. "हो, खात्री."

"मग झालं," मेहुणा म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली, भावोजींना वारा लागू नये म्हणून.

तो शिडीवर चढला. कमानीवरचा पत्रा उकलला, लोकर बाजूला केली, गॅसचा बर्नर धरला. खाली उभ्या असलेल्यांनी सांगितलं की तो वरून काहीतरी गंमत सांगत होता. पाइप आधी कुरकुरला. मग कमानीचा जोड सुटला, आणि उकळतं मेण त्याच्या तोंडावर आलं.

पडला तो शिडीवरून, हात चेहऱ्यावर. मेणाचं असं की ते पाण्यासारखं वाहून जात नाही. जिथे पडतं तिथेच घट्ट होतं. डॉक्टरांनी चेहरा वाचवला म्हणायचं. डोळे नाही वाचले, दोन्ही.

हॉस्पिटलातून तो मागच्या खोलीत परत आला. पहिले काही दिवस बोलला नाही, मग हळूहळू विनोद सुरू झाले. पण त्या विनोदांना आता धार नव्हती. पाठ केलेले धडे म्हणावेत तसे यायचे. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायचा, वाटेत स्टूल लागलं तर स्टुलाला म्हणायचा, "काय हो, आंधळे आहात का?"

बहीण हसत नसे. तिच्या दुःखाने रागाचं रूप घेतलं होतं, आणि राग सगळा भावावर. ती त्याला भरवायची, आणि भरवतानाच बोलायची.

"भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलंय. तुला वाचता येत नव्हतं? तेव्हा तर डोळे होते ना!"

"होते, ताई."

"मग कुणी सांगितलं होतं मधून पेटवायला?"

"कुणी नाही. मनानेच केलं."

हे संवाद जाळीवाला शेजारी आपल्या ताटावर बसून ऐके. घास तोंडात फिरत राही. मनात म्हणे, मी सांगितलं होतं. पण लगेच दुसरं मन म्हणे, तू चित्र सांगितलंस, आणि चित्र तर बरोबर होतं, याने बर्नर जास्त वेळ धरला असेल. माणसाला आपली चूक गिळायची असली की त्याचं मनच त्याला पाणी आणून देतं.

कारखान्यात चौकशी बसली. त्यात एकच गोष्ट ठरायची होती: नियम फिटरने स्वतःच्या मनाने मोडला, की त्याला तसं कुणी करायला लावलं. मेहुण्याच्या नावापुढे काय लागणार, ते यावर होतं. आयुष्यभर इतरांना नियम शिकवलेला माणूस. त्याला डोळ्यांपेक्षा त्या नावाची काळजी. पण विचारायला आले त्यांना त्याने खिडकीतलं बोलणं सांगितलंच नाही. मनाने केलं म्हणाला. खिडकीपाशी दोघेच होते.

साहेबांनी जाळीवाल्याला चौकशीत लावायला पुन्हा एक स्वच्छ चित्र काढायला सांगितलं. यावेळी मोठं यंत्र मिळालं. तुकडा नाही, अख्खी लाइन घेता येणार होती. जाळीवाल्याने टाकीपासून साच्यापर्यंत सगळी काढली, आणि आता जागा आहे तर म्हणून सपोर्टही चित्रात घेतले. जिथे सपोर्ट, तिथे लोखंडाला लोखंड भिडलेलं; लोकर तिथे कापलेली. उष्णतेला तिथून खाली जमिनीत उतरायला जिनाच. ही गोष्ट त्याला पुस्तकातून ठाऊक होती. ठाऊक असणं वेगळं आणि त्या दिवशी आठवणं वेगळं.

भर दुपारी, माणसं डबे उघडत असताना, पडद्यावर चित्र उमटलं. लाल लाइन, आणि तिच्यावर प्रत्येक सपोर्टपाशी एक निळं कडं. अंगठ्या घातल्यासारखी. कमानीच्या दोन्ही पायथ्यांशी सगळ्यांत गडद. मध्ये कमानीत मेण अर्धवट मऊ, आणि दोन्हीकडे दगडी बूच. जायला वाट कुठेच नाही.

शेजारचा म्हणाला, "काय रे, जेवायचं नाही?" जाळीवाल्याने मान हलवली. त्याला समोर कडी दिसत नव्हती. खिडकी लावून घेणारा हात दिसत होता.

संध्याकाळी तो घरी आला आणि बूट न काढता मागच्या खोलीत गेला. मेहुणा पलंगावर रेडिओ लावून बसला होता.

"भावोजी? पावलं जड पडताहेत. साहेबांनी झापलं वाटतं."

"रेडिओ बंद कर. मला सांगायचंय."

त्याने सांगितलं. सरळ, जसं भाजी खारट सांगायचा तसं. चित्र चुकलं होतं. मेण कमानीत नाही, सपोर्टांपाशी गोठलं होतं.

मेहुण्याने पलंगाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "चित्रात सपोर्ट किती घेतले होते?"

"एकही नाही."

"मग पाइप उभा कशावर होता?"

"कशावरच नाही. नुसता हवेत."

"हवेत!" मेहुणा म्हणाला, आणि हसायला लागला. अपघातानंतरचं त्याचं पहिलं खरं हसू. "अहो, दहा-बारा वर्षं मी दुसरं काय केलं? तेच उभे केले ना! आणि तुम्ही... हवेत!" हसता हसता त्याचा श्वास अडकला. पाणी यायला डोळे नव्हते. खांदे तेवढे हलत राहिले. "जाऊ दे. ताईला सांगितलंत?"

"नाही."

"मग नका सांगू. तिचा राग माझ्यावर बसलाय. बसलेला राग उठवू नये."

पण ताई दारातच उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. तिने तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याला एवढंच विचारलं,

"याने तुम्हाला विचारलं होतं? त्या दिवशी?"

"हो. खिडकीशी येऊन."

"आणि तुम्ही?"

"खात्री आहे म्हणालो."

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटण्याचा आवाज येईल असं दोघांना वाटलं होतं. आला नाही.

दुसऱ्या दिवशी जाळीवाला चौकशीपुढे उभा राहिला. दोन्ही चित्रं टेबलावर ठेवून म्हणाला की चूक माझी, त्याने मला विचारलं होतं, मी होकार दिला. साहेबांनी दोन्ही कागद बाजूला सारले.

"चित्र म्हणजे हुकूम नव्हे. भिंतीवरचा नियम हा हुकूम. आणि त्याने विचारलं म्हणता, ते ऐकलं कुणी?"

"त्याने आणि मी."

"मग त्यालाच पुन्हा विचारू."

ते घरी आले, साहेब स्वतः आणि सोबत एक लिहिणारा. मेहुण्याला पलंगावर नीट बसवलं. बहीण दाराला टेकून उभी. जाळीवाला तिच्या मागे. साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्या सकाळी यांना काही विचारलं होतं का?"

आता नुसतं हो म्हणायचं होतं. त्या एका शब्दात त्याचं नाव धुऊन निघत होतं. जाळीवाला एक पाऊल पुढे आला. आयुष्यात त्याने कशाची इतकी वाट पाहिली नव्हती.

मेहुण्याने आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला, तो भाजून ताणलेला चेहरा, आणि म्हणाला, "नाही हो. भावोजींचा जीव आहे माझ्यावर, म्हणून बोलतात ते. मी मनाने केलं."

"खोटं बोलतोय तो!" जाळीवाला ओरडला. सबंध जन्मात तो कुणावर असा ओरडला नव्हता.

"बघा," मेहुणा म्हणाला, "म्हटलं ना, जीव आहे."

लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. साहेबांनी मेहुण्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते निघून गेले. काही दिवसांनी फिटरांच्या खोलीत कागद लागला: फिटरने नियम मोडला, स्वतःच्या मनाने. सुटीची भट्टी पुन्हा चालू ठेवली गेली, त्याबद्दल त्या कागदावर अक्षर नव्हतं.

त्या संध्याकाळी बहिणीने भावाला भरवताना विचारलं, "का रे केलंस असं?"

"दोघांच्या नोकऱ्या घालवून काय करायचं, ताई? मी तेव्हाच म्हणालो होतो ना, या घरात एकाची तरी बोटं शाबूत हवीत."

"त्यांना काय वाटतं, याचा विचार केलास?"

"केला. पण ते बघायला मला डोळे कुठे आहेत?"

हाही विनोदच होता. कुणी हसलं नाही. जाळीवाला उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि शेगडीच्या वरचं चित्र काढायला त्याने हात वर केला. कागद तेलाने पिवळा पडला होता, कडा वळल्या होत्या. निळा डाग मात्र ठळक होता. पुसू नकोस म्हटलं होतं, आणि तिने खरंच जपला होता.

"राहू द्या ते," मागून बायको म्हणाली.

"अगं, पण चुकीचं आहे ते."

"असू दे. त्याला दिसत नाही. मी रोज इथे उभी राहते, मला दिसतं. तुम्हीही रोज जेवायला बसाल, तेव्हा दिसू दे."

त्याने हात खाली घेतला. तिने त्याचं पान वाढलं, चित्रासमोरच. मागच्या खोलीतून मेहुण्याने रेडिओ मोठा केला, आणि मग त्याला वाटलं असेल की जेवणाऱ्यांना त्रास होईल, म्हणून पुन्हा लहान केला.